पान लावताना: स्मरणिका, तुटलेली जोडाक्षरं आणि प्रेसमधून परत आलेली पीडीएफ

डीटीपीबद्दल, म्हणजे संगणकावर पानं लावून छपाईची फाईल तयार करण्याबद्दल, प्रश्न पाठवा असं मागच्या अंकात म्हटलं होतं आणि खरंच भरपूर पत्रं आली, मेलही आले. बहुतेकांनी विचारलंय की अमुक गोष्टीसाठी कुठलं बटण दाबायचं. बटणं सांगतोच, पण त्याआधी एक गोष्ट मनात पक्की करा, कारण खालची निम्मी उत्तरं तिच्यावरच उभी आहेत: जे काम दुसऱ्यांदा करावं लागणार आहे ते हाताने करायचं नाही, सॉफ्टवेअरकडून करून घ्यायचं. पान क्रमांक, हेडिंगचा साईज, परिच्छेदांमधलं अंतर, सगळं यात आलं.

प्रश्न: आमच्या शाळेला पंच्याहत्तर वर्षं झाली म्हणून स्मरणिका काढतोय, लेख गोळा करून टाईप करायचं काम माझ्याकडे आलं. वर्डमध्ये साठेक पानं झालीत पण कुठे एक फोटो टाकला की पुढची सगळी पानं हलतात, हेडिंग एका पानाच्या तळाशी आणि लेख पुढच्या पानावर. भाच्याने इनडिझाईन टाकून दिलंय पण उघडलं की काही सुचत नाही. सुरुवात कुठून करू? (निवृत्त शिक्षिका, सांगली)

ताई, वर्डमधली मेहनत अजिबात वाया गेलेली नाही. टायपिंग आणि मुद्रितशोधन तिथेच पूर्ण करा, फक्त पान तिथे लावू नका. वर्डमध्ये सगळा मजकूर एकच सलग ओघ असतो, त्यामुळे वर दोन ओळी वाढल्या की खालचं सगळं सरकतं. इनडिझाईन हे पान लावायचंच सॉफ्टवेअर, त्यात उलटं आहे, तिथे पान आधी येतं, पानावर चौकटी म्हणजे फ्रेम आखायच्या आणि मजकूर त्या फ्रेममध्ये राहतो, म्हणजे मुख्याध्यापकांचं मनोगत चार ओळींनी वाढलं तरी चाळिसाव्या पानावरचा स्नेहसंमेलनाचा फोटो जागचा हलत नाही.

सॉफ्टवेअर उघडायच्या आधी प्रेसला फोन करा, हे मी सगळ्यांनाच सांगतो. तीन गोष्टी विचारा: छापून कापल्यावर पुस्तकाचा नेमका साईज काय, पानं कितीच्या पटीत हवीत आणि बाइंडिंग कसलं. स्मरणिका बहुधा डेमी म्हणजे साधारण ५.५ बाय ८.५ इंच, नाहीतर क्राऊन किंवा ए-फोर (२१० बाय २९७ मिमी) असते, पण कटिंगनंतरचं माप प्रेसगणिक थोडंफार बदलतं म्हणून त्यांच्याच तोंडून घ्या. आधी ए-फोरवर सगळं लावून शेवटी डेमी करायचं ठरलं की सगळं पहिल्यापासून करावं लागतं.

मग नवीन डॉक्युमेंट उघडताना ते माप टाका, फेसिंग पेजेस म्हणजे समोरासमोरची डावी-उजवी पानं चालू ठेवा, ब्लीड म्हणजे कापण्यासाठी पानाबाहेर सोडायची जादा जागा चारही बाजूंनी ३ मिमी द्या. मार्जिनमध्ये आतली बाजू म्हणजे बाइंडिंगकडची जरा जास्त ठेवा, डेमीला आत २० मिमी आणि बाहेर १५ मिमी ठेवून बघा, नाहीतर पुस्तक उघडल्यावर ओळींची सुरुवात घडीत जाते आणि वाचणाऱ्याला पुस्तक दाबून धरावं लागतं.

आता मास्टर पेज, नव्या आवृत्त्यांमध्ये त्याला पेरेंट पेज म्हणतात. मास्टर म्हणजे सगळ्या पानांच्या मागे असलेलं पान, तिथे ठेवलेली गोष्ट प्रत्येक पानावर दिसते. पेजेस पॅनलमध्ये वरती ते दिसेल, त्यावर डबल क्लिक करा, तळाशी छोटी टेक्स्ट फ्रेम काढा, कर्सर तिच्यात ठेवून टाईप मेनूत जा, इन्सर्ट स्पेशल कॅरेक्टर, मग मार्कर्स, मग करंट पेज नंबर. तिथे आकडा दिसणार नाही, नुसतं इंग्रजी ए अक्षर दिसेल, ते बरोबर आहे, साध्या पानावर परत गेलात की त्याच जागी त्या त्या पानाचा नंबर आलेला असेल. डाव्या पानाला डावीकडे आणि उजव्याला उजवीकडे, असं दोन्हीकडे करा. मध्येच एक पान घुसवलं तरी नंबर आपोआप बदलतात, साठ ठिकाणी हाताने नंबर टाकत बसायची गरजच नाही.

मजकूर आणायला कंट्रोल डी दाबा, वर्डची फाईल निवडा, कर्सरला मजकूर चिकटल्यासारखा दिसेल, मग शिफ्ट दाबून धरून पानाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात मार्जिनवर क्लिक करा, लागतील तेवढी पानं तयार होत मजकूर पुढे ओतला जातो. प्रत्येक लेखाची वर्ड फाईल वेगळी ठेवा आणि वेगळी आणा, सगळे लेख एका धाग्यात ओवले की परत वर्डसारखीच सरकासरकी सुरू होईल. आणि फ्रेमच्या उजव्या तळाशी लाल अधिकचं चिन्ह दिसलं तर थांबा! त्याचा अर्थ मजकूर शिल्लक आहे पण मावलेला नाही, तो छापला जाणार नाही. लेखाचा शेवटचा परिच्छेद, कधी लेखकाचं नावसुद्धा, असंच गायब होतं.

आता ज्यात तुमचे सगळ्यात जास्त तास वाचतील ते सांगतो, पॅराग्राफ स्टाईल. एफ ११ दाबलं की पॅनल येतं. लेखाचं शीर्षक, लेखकाचं नाव, मजकूर, कविता, फोटोओळ, एवढ्या पाच स्टाईल तुम्हाला पुरतील. मजकुराला १२ पॉइंट आणि ओळींमधलं अंतर १७ द्या. इंग्रजी पुस्तकात १२ ला साडेचौदा चालतं, पण आपल्या अक्षरांना वर वेलांटी, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार असतात, १७ च्या खाली गेलात की वरच्या ओळीचा ‘तू’ खालच्या ओळीच्या ‘र्थीं’ ला जाऊन भिडतो. नवा परिच्छेद थोडा आत घ्यायचा तर स्पेसबार मारू नका, स्टाईलमध्येच फर्स्ट लाईन इंडेंट ४ मिमी द्या, आणि दोन परिच्छेदांत अंतर हवं तर एंटर न मारता स्पेस आफ्टरमध्ये द्या. एवढा आग्रह का तर शेवटच्या मीटिंगला कमिटीतलं कुणीतरी हमखास म्हणतंच, मॅडम, अक्षर जरा बारीक वाटतंय. स्टाईल लावलेली असेल तर १२ चं १२.५ एका जागी करायचं, सगळी पानं बदलली, मग फक्त लाल चिन्ह कुठे आलं ते बघत जायचं. स्टाईल नसेल तर ती रात्र गेलीच.

वर्डमधून येताना डबल स्पेस आणि फालतू एंटर भरपूर येतात. एडिट मेनूत फाईंड चेंज उघडा, वर क्वेरी नावाच्या यादीत मल्टिपल स्पेस टू सिंगल स्पेस आणि मल्टिपल रिटर्न टू सिंगल रिटर्न तयारच आहेत, दोन्ही एकदा फिरवून घ्या, फक्त कवितांच्या कडव्यांमधली मोकळी ओळ त्यात जाते, म्हणून कविता त्यानंतर आणा.

फोटोसाठी आधी चौकट काढा, ती निवडलेली असताना कंट्रोल डी करून फोटो आणा, मग ऑब्जेक्ट मेनूत फिटिंग, त्यात फिल फ्रेम प्रपोर्शनली. हाताने कोपरा ओढून फोटो बसवायला जाल तर माणसं रुंद होतात, संस्थापकांचा फोटो तरी असा होऊ देऊ नका. एक लेख पूर्ण लावा, प्रिंट काढा, दोन दिवस भिंतीला लावून ठेवा, पटलं तरच पुढचे लेख घ्या.

प्रश्न: मराठी मजकूर पेस्ट केला की वर्डमध्ये नीट दिसतो पण इनडिझाईनमध्ये वेलांटी अक्षराच्या मागे जाते, जोडाक्षरांचे पाय मोडलेले दिसतात. आणि एका लेखकाने पाठवलेली फाईल तर नुसतीच इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतेय. फॉन्ट खराब आहे का? (चिपळूण)

फॉन्ट खराब नाही आणि हे दोन वेगळे आजार आहेत.

पहिल्यात मजकूर युनिकोडच आहे, म्हणजे मोबाईल-संगणकावर सगळीकडे चालणारी आजची अक्षरपद्धत, पण इनडिझाईन त्याला इंग्रजीसारखा मांडतंय. ‘किती’ लिहिताना आपण आधी क देतो मग ऱ्हस्व वेलांटी, ती वेलांटी डावीकडे नेऊन ठेवायचं काम सॉफ्टवेअरमधल्या कंपोझरचं असतं. साधा कंपोझर ते करत नाही, म्हणून ती मागे लटकते आणि ‘शक्ती’ मधला क पाय मोडून दिसतो. इलाज असा: पॅराग्राफ पॅनलच्या कोपऱ्यातला मेनू उघडा आणि ॲडोबी वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर निवडा. ॲडोबी पॅराग्राफ कंपोझर असं जवळपास तेच नाव असलेलं दुसरं असतं, ते नको, वर्ल्ड-रेडी लिहिलेलंच हवं. पण हेही प्रत्येक परिच्छेदाला हाताने करू नका, पॅराग्राफ स्टाईलच्या खिडकीत जस्टिफिकेशनमध्ये हाच पर्याय आहे, स्टाईलमध्येच टाकून ठेवा. भाषाही त्याच खिडकीत ॲडव्हान्स्ड कॅरेक्टर फॉरमॅट्समध्ये मराठी करा, काही फॉन्टमध्ये ल आणि श ची मराठी वळणं भाषा मराठी असेल तरच येतात, नाहीतर हिंदी वळणाची येतात आणि आपल्या डोळ्याला ती लगेच खटकतात.

दुसरी फाईल जुन्या फॉन्टमधली असणार. श्रीलिपी, आयएसएम, आकृती या नावांवर महाराष्ट्रातल्या प्रेसनी वर्षानुवर्षं कामं केली. त्या काळच्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले असायचे, म्हणून तो फॉन्ट मशिनवर नसला की मागची इंग्रजी अक्षरं उघडी पडतात. लेखकाला विचारा कुठल्या फॉन्टमध्ये टाईप केलंय, मग त्या फॉन्टसाठी असलेला कन्व्हर्टर वापरून युनिकोड करा, दुसऱ्या फॉन्टचा कन्व्हर्टर चालत नाही. आणि कन्व्हर्ट झालं म्हणजे झालं असं समजू नका, प्रूफ परत वाचावंच लागतं, त्यातही रफार, अवतरणचिन्हं, आकडे आणि ऱ्य, ऱ्ह वाले शब्द जास्त बघा. मी कुठलाही नवा फॉन्ट किंवा कन्व्हर्टर घेतला की या शब्दांवर चालवून बघतो: दऱ्याखोऱ्या, ऱ्हास, कार्यकर्त्यांनी, सूर्य, वाङ्मय, शुद्धिपत्र, दृष्टी, क्षुल्लक, ॲप, ऑर्किड. यात ‘दऱ्या’ चा ‘दर्या’ होत असेल तर तो मराठी पुस्तकासाठी घेऊ नका, दरीच्या जागी समुद्र छापून येईल.

फॉन्ट कुठला हे बऱ्याच जणांनी विचारलंय. मुंबईच्या ‘एक टाईप’ या फॉन्ट बनवणाऱ्यांचा मुक्ता हेडिंग आणि फोटोओळींना छान दिसतो, सलग मजकुराला टिरो देवनागरी मराठी किंवा आयआयटी मुंबईचा शोभिका बघा, तिन्ही फुकट मिळतात. अंकभर दोनच फॉन्ट वापरा, प्रत्येक लेखाला वेगळा फॉन्ट दिला की अंक पाटीवाल्याच्या दुकानासारखा दिसतो.

प्रश्न: आमच्या संस्थेचं आठ पानी वार्तापत्र मी ए-फोरवर तीन कॉलममध्ये लावते. दोन्ही बाजू सरळ केल्या की शब्दांमध्ये मोठमोठ्या मोकळ्या जागा पडतात. वर्तमानपत्रात असं का दिसत नाही? (नाशिक)

वर्तमानपत्रातही दिसतं, तिथे उपसंपादक शब्द बदलून ओळ भरून घेतात. हिशोब करून बघा, ए-फोरची रुंदी २१०, दोन्हीकडे १५-१५ चं मार्जिन, दोन गटर म्हणजे कॉलममधल्या मोकळ्या जागा ५-५ च्या, म्हणजे एक कॉलम साधारण ५६ मिमीचा. त्यात १२ पॉइंटचे चार-पाच मराठी शब्द मावतात. आपल्याकडे प्रत्यय शब्दाला चिकटतात, ‘कार्यकारिणीच्या’, ‘विद्यार्थ्यांसाठीसुद्धा’, असा एक शब्द खाली गेला की उरलेल्या तिघांना सगळी ओळ ताणून धरावी लागते. दोन कॉलम करा, प्रत्येकी ८७ मिमी मिळेल आणि निम्मा त्रास संपेल. तीनच हवे असतील तर डावीकडून सरळ आणि उजवीकडून मोकळं ठेवा, ते अजिबात वाईट दिसत नाही, उलट वाचायला सोपं जातं. हायफन टाकून शब्द तोडायचा पर्याय आहे, पण सॉफ्टवेअर कुठे तोडेल याचा भरवसा नाही, मराठी वाचकाला त्याची सवयही नाही, मी तो बंदच ठेवतो. ओळ भरायला अक्षरांमधलं अंतर म्हणजे ट्रॅकिंग वाढवू नका, शिरोरेषा तुटते.

प्रश्न: क्लासमध्ये पेजमेकर शिकवतात. बाहेर कोणी वापरत नाही म्हणतात. फी भरलीय, पुढे काय करू? (आयटीआय झालेला विद्यार्थी, लातूर)

पेजमेकर हे पान लावायचं सॉफ्टवेअर १९८५ चं, आधी अल्डस कंपनीचं, १९९४ मध्ये अल्डस ॲडोबीत गेली आणि १९९९ मध्ये ॲडोबीने इनडिझाईन आणलं. पेजमेकरची ७ ही शेवटची मोठी आवृत्ती २००१ ची, त्यानंतर नवं काही आलं नाही आणि त्याला युनिकोड कळत नाही, म्हणजे आज मोबाईलवर टाईप केलेला मराठी लेख त्यात सरळ घेताच येत नाही. तरी क्लास सोडू नकोस, मास्टर पेज, स्टाईल, मजकूर एका चौकटीतून दुसरीत ओवणं, हे सगळं त्यात आहे आणि नेमकं तेच पुढे लागतं, प्लेसचा म्हणजे मजकूर-फोटो आणायचा कंट्रोल डी सुद्धा तोच. घरी मात्र स्क्रायबस टाक, तेही पान लावायचंच सॉफ्टवेअर, पूर्ण फुकट आहे, १.६ किंवा त्यापुढची आवृत्ती घे कारण जुन्या १.४ मध्ये मराठी जोडाक्षरं तुटतात. क्लासमध्ये केलेलं प्रत्येक काम घरी त्यात पुन्हा कर. नोकरीच्या मुलाखतीला सर्टिफिकेटसोबत स्वतः लावलेलं सोळा पानांचं एक पुस्तक छापील घेऊन जा, प्रेसवाला आधी तेच हातात घेईल.

प्रश्न: मंडळाच्या अंकाची पीडीएफ प्रेसने परत पाठवली. ब्लीड नाही, ब्लॅक चार कलरमध्ये आहे, फोटो लो-रेझ आहेत असं लिहिलंय. यातलं एकही कळलं नाही. (मडगाव, गोवा)

तिन्ही कारणं रास्त आहेत आणि तिन्ही घरबसल्या दुरुस्त होतात.

ब्लीड आधी. कागद मोठा छापून मग गठ्ठा कापतात आणि कटिंगला मिलिमीटरभर इकडेतिकडे होतंच. तुमचा रंगीत पट्टा किंवा फोटो बरोबर पानाच्या काठावर संपत असेल तर कापल्यावर कडेला पांढरी चीर राहते, म्हणून काठाला लागणारी प्रत्येक गोष्ट ३ मिमी बाहेर ओढून ठेवायची आणि पीडीएफ काढताना युज डॉक्युमेंट ब्लीड सेटिंग्जवर टिक करायची. ही टिक राहिली की पानात ब्लीड असूनही पीडीएफमध्ये येत नाही, तुमचं बहुतेक हेच झालंय. आणि तसंच उलट, मजकूर काठाच्या ५ मिमी आत ठेवा.

काळ्या रंगाचं जरा समजून घ्या. चार रंगात छापताना चार प्लेटा लागतात, निळसर, गुलाबी, पिवळी आणि काळी. मजकूर फक्त काळ्या प्लेटवर हवा. वर्डमधून आणलेला किंवा आरजीबी म्हणजे स्क्रीनच्या रंगांतला काळा मजकूर चारही प्लेटांवर जातो, आणि एखादी प्लेट केसभर सरकली तरी १२ पॉइंटच्या अक्षरांच्या कडेला गुलाबी-निळी सावली येते, अनुस्वार तर भरूनच जातात. तपासायचं कसं ते सांगतो, हे एकदा करून बघाच: विंडो मेनूत आऊटपुट, त्यात सेपरेशन्स प्रिव्ह्यू उघडा, सेपरेशन्स चालू करा आणि फक्त ब्लॅकच्या शेजारच्या डोळ्याच्या चिन्हावर क्लिक करून तो बंद करा. पानावरचा मजकूर पूर्ण नाहीसा झाला तर बरोबर आहे. करड्या-तपकिरी रंगात काही उरलं असेल तर ते चार कलरमध्ये आहे, त्याला स्वॉचेस म्हणजे रंगांच्या यादीतला ब्लॅक द्या, रजिस्ट्रेशन नावाचाही काळा दिसतो तो चुकूनही नको. मजकुराचा रंग स्टाईलमध्ये दिलेला असेल तर ही दुरुस्ती मिनिटाची आहे.

लो-रेझ म्हणजे फोटोत पिक्सेल कमी, त्याचं गणित सोपं आहे. छपाईला इंचाला ३०० पिक्सेल धरतात. व्हॉट्सॲपवरून दाबून आलेला फोटो समजा १६०० पिक्सेल रुंद आहे, भागिले ३००, म्हणजे सव्वापाच इंचांच्या आसपास, अर्ध्या पानाला चालेल पण ए-फोरचं पूर्ण पान भरायला कमी पडतो. फोटोशॉपमध्ये नुसता आकडा ३०० करून काही होत नाही, नसलेले पिक्सेल येत नाहीत. फोटो पाठवणाऱ्यांना सांगा की व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा मेल करा. लिंक्स पॅनलमध्ये फोटोवर क्लिक केलंत की इफेक्टिव्ह पीपीआय, म्हणजे लावलेल्या मापात इंचाला किती पिक्सेल, ते दिसतं, तोच आकडा खरा, मोठा करून लावलात की तो उतरतो.

पीडीएफ काढताना प्रेसला विचारून पीडीएफ एक्स-१ए किंवा एक्स-४ हा छपाईसाठीचा प्रकार निवडा. मूळ कामाची प्रत ठेवायला फाईल मेनूतलं पॅकेज वापरा, फोटो आणि बहुतेक फॉन्ट एका फोल्डरमध्ये गोळा होतात, पुढच्या वर्षी अंक दुसऱ्या कुणाकडे गेला तरी त्याला उघडता येईल.

प्रश्न: लग्नपत्रिका कोरलमध्ये करते, हात बसलाय. कवितासंग्रहाचं काम आलंय, ८० पानांचं. तेही कोरलमध्ये केलं तर चालेल का? (इंदूर)

मुखपृष्ठ नक्की करा, कोरल हे एकेक पानाच्या डिझाईनचं सॉफ्टवेअर, तिथे ते उत्तमच. आतली पानं नका करू. कवितेत ओळी कवीने ठरवलेल्या असतात, एक ओळ दोन ठिकाणी तुटली तर कवी ते प्रूफमध्ये खूण करून परत पाठवणार, मग साईज बदलायचा, आणि तो ८० पानांवर हाताने बदलणं तुम्हाला परवडणार नाही. स्क्रायबस किंवा इनडिझाईनमध्ये कवितेची एकच स्टाईल करा, संग्रहातली सगळ्यात लांब ओळ शोधा आणि ती मार्जिनमध्ये एका ओळीत बसेल तो साईज सगळ्या कवितांना द्या. प्रत्येक कविता नव्या पानावर. ८० ला १६ ने भाग जातो म्हणजे पाच फर्मे (एकत्र छापून घडी घातलेली सोळा-सोळा पानं), पण शीर्षकपान, श्रेयपान, अर्पणपत्रिका, अनुक्रमणिका, प्रस्तावना या ८० मध्ये धरलीत की नाही ते कवीला आजच विचारा, बहुतेक वेळा धरलेली नसतात. मुखपृष्ठावरचं शीर्षक प्रेसला पाठवताना कंट्रोल क्यू करून कर्व्हमध्ये म्हणजे फॉन्ट न लागणाऱ्या आकृतीत बदला आणि कर्व्ह न केलेली फाईल स्वतःकडे वेगळ्या नावाने ठेवा, शीर्षकात शेवटच्या दिवशी बदल होतो.